आदल्या दिवशीचं

आपल्याकडे अन्नाची पहिली परीक्षा वाफेवर होते. वरणावर घातलेलं तूप विरघळलं नाही, तर वरण कितीही चवीचं असो, ताटावरच्या एकाची तरी भुवई वर जातेच. पंगतीत ‘गरम आहे’ एवढं म्हटलं की वाढणाऱ्याला वेगळा आग्रह करावा लागत नाही. आणि हे गरम अन्न ताटात पडावं म्हणून कुणीतरी तव्यापाशी उभं असतं. बहुतेक घरांत ते कोण, हे सांगायला नको. सगळ्यांची जेवणं आटोपेपर्यंत तिचा फुलका गार होतो आणि ‘मला चालतो’ म्हणत ती तो खाते. शिळ्याचं आपल्याला इतकं वावडं, की श्रावणात शीतळा सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खायचं, तर त्यासाठीसुद्धा मध्ये देवी लागते.

म्हणून जॉर्जियातल्या कुतैसीत बीट-अक्रोडाची फ्खाली समोर आली तेव्हा मला त्या पदार्थापेक्षा वाढणाऱ्या बाईंचं नवल वाटलं. बशी थेट फ्रिजमधून आली होती. ‘काल केलंय’ हे त्यांनी आपणहून सांगितलं, तेही आपण ‘आत्ताच तव्यावरून काढलंय’ सांगतो त्या सुरात. बशीत काळसर लाल रंगाचे, हाताने चपटे केलेले गोळे होते. प्रत्येकाच्या मधोमध अंगठ्याने पाडलेला खळगा, खळग्यात थोडं पिवळसर तेल आणि डाळिंबाचे दोन-तीन दाणे.

माझी भाची तिथे वैद्यकीय शिकते. महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं हल्ली डॉक्टर व्हायला जॉर्जियात जातात, त्यातली ती एक. ज्या घरात ती खोली घेऊन राहते तिथल्या आजींना ती बेबो म्हणते, तिथल्या नातवंडांसारखंच. मीही बेबोच म्हणू लागले, खरं तर त्या माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. मी कुठली हे भाचीने सांगितलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मुंबई ऐकून होत्या. पण शेजारी गोवा आहे म्हटल्यावर हातातली सुरी खाली ठेवून त्यांनी छातीवर क्रूस केला.

कारण केतेवान. काखेतीच्या या राणीला 1624 साली इराणात, शिराझ शहरात, शाह अब्बासच्या हुकमावरून हालहाल करून मारलं, धर्म सोडायला तयार नव्हती म्हणून. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या काही अस्थी गोव्यात आणल्या. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत त्यांचा शोध लागला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून खात्री पटली आणि 2021 च्या जुलैमध्ये भारताने त्यांतला भाग समारंभपूर्वक जॉर्जियाला दिला. बेबोंना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांच्या लेखी मी आता राणीला सांभाळणाऱ्यांच्या शेजारची बाई झाले आणि मला स्वयंपाकघरात स्टूल मिळालं.

तो गुरुवार होता. शुक्रवारी रात्री थोरला मुलगा, सून, लेकीकडची माणसं जेवायला यायची होती. आणि शुक्रवार उपासाचा. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात वर्षभर बहुतेक बुधवार-शुक्रवार तसे, शिवाय ईस्टरआधीचा मोठा उपास, नाताळाआधीचा चाळीस दिवसांचा, ऑगस्टमधला मेरीमातेचा. सगळं धरलं तर जवळजवळ अर्धं वर्ष जातं. त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, आणि आपल्याला गंमत वाटेल, दूध, लोणी, चीजही नाही. आपला उपास दुधातुपाच्या आधारावर उभा, त्यांचा ते सोडण्यावर.

“उपासाच्या दिवशी पाहुण्यांना जेवायला कसं बोलावलंत?” मी भाचीकरवी विचारलं.

“उपास आहे म्हणून काय झालं? उपाशी थोडंच ठेवायचंय कुणाला?” बेबो म्हणाल्या.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या मुलखातून आलेल्या बाईने यावर काय बोलावं? मी आमच्याकडे उपासाला कांदा-लसूण चालत नाही एवढं सांगून पाहिलं. बेबोंच्या हातात तेव्हा लसणाचा अख्खा गड्डा होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“मग चव कशाने आणता?”

“शेंगदाण्याच्या कुटाने,” मी म्हटलं.

हे त्यांना लगेच पटलं, कारण त्या स्वयंपाकघरात अक्रोडाला कुटाचाच मान आहे. आपल्याकडे अक्रोड म्हणजे दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या खोक्यातला शेवटचा रहिवासी, काजू-बदाम संपल्यावर मागे उरणारा. मुलांना बुद्धी यावी म्हणून सकाळी एखादा चघळायला द्यायचा आणि विसरायचा. तिथे त्याच्यावर अख्खा स्वयंपाक तरलेला. तळलेल्या वांग्याच्या पट्ट्यांत अक्रोड, टर्कीच्या थंड रश्शात अक्रोड, दोऱ्यात ओवून द्राक्षाच्या दाट रसात पुन्हा पुन्हा बुडवलेला चुर्चखेलाही अक्रोडाचाच. कोवळ्या हिरव्या अक्रोडांचा तर सालीसकट मुरंबा घालतात. उपासाच्या दिवशी लोणी आणि चीज गेल्यावर पदार्थाला जो स्निग्धपणा हवा तो सगळा हाच देतो. शेंगदाणा आपल्याकडे अमेरिकेतून आला, गेल्या काही शतकांतला. अक्रोड कॉकेशसच्या डोंगरांत पुराणकाळापासूनचा आहे.

ऑक्टोबर होता, परसातले अक्रोड नुकतेच उतरवलेले. हिरव्या सालीचा रस बोटांना लागला की काळा पडतो आणि आठवडे न् आठवडे जात नाही. बेबोंची दहाही बोटं पेरांपर्यंत काळी-तपकिरी झाली होती. त्यावर दुपारपर्यंत बिटाचा रंग चढायचा होता.

घरचे अक्रोड पुरे पडतील की नाही म्हणून सकाळी आम्ही बाजारात गेलो. अक्रोड घेताना बेबो भाव आधी विचारत नाहीत. एक गर उचलतात, मोडतात, आतला रंग बघतात, पांढरट हवा. मग चावून थोडा वेळ गप्प उभ्या राहतात. अक्रोडाचं तेल लवकर बिघडतं. गेल्या वर्षीचा, उन्हात राहिलेला गर जिभेच्या मागच्या बाजूला खवट लागतो आणि तो खवटपणा पुढे लसणाला ऐकत नाही की मसाल्याला. तीन दुकानं त्यांनी नुसती चावून सोडली. विकणाऱ्या बायांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मसाल्याच्या ओळीत मी मात्र थबकले. एका परातीत वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची केशरी रास, शेजारी त्याचीच पूड. कुतैसी ज्या इमेरेती प्रांतात आहे त्याच्या नावाने ही पूड ‘इमेरेतीचं केशर’ म्हणून ओळखली जाते. मूळचा मेक्सिकोकडचा हा झेंडू स्पॅनिश जहाजांतून जगभर पांगला. आपण त्याला दाराच्या तोरणात ओवला, मोटारसायकलच्या हँडलला बांधला, आणि इतकी वर्षं शेजारी राहून कधी पातेल्यात टाकला नाही. यांनी वाळवून स्वयंपाकात घेतला. पुण्यात त्याच आठवड्यात दसऱ्यासाठी मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागले असणार आणि इथे ही बाई तो कागदाच्या पुडीत मला तोळ्याने देत होती. चव हळदीसारखी उग्र नाही. किंचित कडवट आणि गवताच्या वासाची. रंगही थोडा येतो, पण बिटाच्या गर्दीत तो दिसायला वाव कुठला!

आता बीट. बेबोंनी ते फक्त धुतलं. शेपटी कापली नाही, वरचं देठ बोटभर राखलं आणि सालासकट ओव्हनमध्ये ठेवलं. बिटाचा लाल रंग पाण्यात विरघळतो. साल कापली की उकडताना निम्मा रंग पातेल्यात जातो, आणि भाजलं तर पाण्याचा प्रश्नच येत नाही, शिवाय गोडी आटून एकवटते. तासाभराने सुरी टोचून पाहिली, अलगद गेली. गार झाल्यावर साल अंगठ्याच्या एका रेट्यात सुटून आली. मग जाड किसणीवर कीस.

यापुढची पायरी पुस्तकांत एका वाक्यात उरकतात आणि पदार्थ बिघडतो तो तिथेच. कीस पिळायचा. मूठभर घ्यायचा आणि मूठ अशी आवळायची की मनगटापर्यंत धार यावी. सैल करून पुन्हा आवळायची. भाचीने पिळलेला कीस बेबोंनी हातात घेतला आणि काही न बोलता त्यातून आणखी अर्धी वाटी रस काढला. पाणी राहिलं तर दुसऱ्या दिवशी गोळ्याभोवती लाल तळं साचतं आणि अक्रोड त्यात भिजून लगदा होतो. निघालेला रस त्यांनी मीठ घालून उभ्याउभ्या पिऊन टाकला.

बीट न आवडणारी माणसं ‘मातकट लागतं’ म्हणतात. त्यांची जीभ बरोबर आहे. बिटाला जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा वास असतो आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो वास उठतो त्यातही हेच जिओस्मिन असतं. म्हणजे गॅलरीत उभं राहून मृद्गंधाने हळवा होणारा आणि ताटातलं बीट बाजूला सारणारा माणूस एकाच वासाशी दोन तऱ्हांनी वागत असतो. आंबट पदार्थात हे द्रव्य मोडतं, मातकटपणा निवतो. व्हिनेगर चवीसाठी तर आहेच, पण रंग लाल राखायला आणि वास उतरवायलाही आहे. बीट मुळात गोड, म्हणून पालकाच्या फ्खालीपेक्षा इथे आंबट आणि लसूण दोन्ही चढे लागतात. हे रसायन बेबोंना कुणी शिकवलेलं नाही. त्या चाखतात आणि बाटली पुन्हा उचलतात.

अक्रोड वाटायला टेबलाच्या कडेला एक लोखंडी यंत्र आवळून बसवलेलं होतं, हँडल फिरवायचं, खिम्याचं. उपासाचा पदार्थ खिम्याच्या यंत्रात? माझा चेहरा बेबोंनी वाचला असावा. “धुतलंय,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला. दोनदा फिरवल्यावर अक्रोडाचा मऊ, ओलसर चुरा झाला. त्यात चमचाभर कोमट पाणी शिंपडून त्या मळायला लागल्या. तळहाताच्या टाचेने दाबायचं, दुमडायचं, पुन्हा दाबायचं. बराच वेळ काहीच होत नाही. हात दुखायला लागतो, आणि मग गोळ्याचा रंग बदलतो, तो चकाकायला लागतो, बोटांच्या फटींतून पिवळं तेल झरतं. परात तिरकी करून ते तेल त्यांनी चमच्याने वाटीत गोळा केलं. वाटी काही भरली नाही, तळाला जेमतेम बोटाच्या पेराएवढं. मिक्सरमध्ये हेच काम मिनिटात होतं, पण तेल आतच मिसळून जातं, वेगळं मिळत नाही, आणि खळग्यातला तो थेंब मग कुठून आणणार?

लसूण, मीठ आणि सुकी लाल मिरची खलबत्त्यात कुटली. धनेपूड घातली. त्यांच्याकडची निळ्या फुलांची मेथी घातली, उत्स्खो सुनेली म्हणतात तिला. आपल्या मेथीची चुलत बहीण, पण कडूपणा कमी आणि वास सुकलेल्या गवताचा. चिमूटभर झेंडू, मूठभर चिरलेली कोथिंबीर. भाचीने प्रत्येक गोष्ट काट्यावर टाकून मोबाईलमध्ये लिहून घेतली, बेबोंना ते फार हास्यास्पद वाटलं. आकडे असे निघाले: अर्धा किलो बिटाला सव्वाशे ग्रॅम अक्रोड, लसणाच्या तीन पाकळ्या, चमचाभर धने, अर्धा चमचा मेथी आणि द्राक्षाचं व्हिनेगर दोन चमचे, तेही बेबोंचा हात मध्येच परत वळला नाही असं धरून.

कालवल्या कालवल्या मी एक घास चाखला. खरं सांगायचं तर त्यात विशेष काही नव्हतं. लसूण पुढे, व्हिनेगर नाकात, बीट एकीकडे, अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा दुसरीकडे; चौघे एका खोलीत बसलेले पण बोलाचाली नाही. बेबोंनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि “उद्या” म्हणाल्या. रात्रभरात अक्रोड बिटाचा उरलासुरला ओलावा शोषून घेतो, मीठ आतपर्यंत जातं, लसणाचा हिरवट तिखटपणा बसतो. गरम गरम वाढून हे होत नाही. ताजं वाढणं हा या पदार्थावर अन्यायच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी टेबल मांडलं. जॉर्जियन मेजवानीला, सुप्राला, ताटं एकामागून एक येत नाहीत. बश्या सगळ्या एकदमच मांडतात, जागा संपली की बशीच्या कडेवर बशी. बिटाची फ्खाली, पालकाची फ्खाली, अक्रोडाची वांगी, घेवड्याचं लोबिओ, खारवलेल्या जोंजोलीच्या कळ्या, लोणची. तिबिलिसीच्या हॉटेलांत फ्खाली ‘स्टार्टर’ म्हणून येते, लाल-हिरवा-पांढरा असे तीन नाजूक गोळे, आणि ती संपवून मुख्य पदार्थाची वाट बघायची असते. मला ते काही पटत नाही. घरच्या टेबलावर ती पहिल्या पेल्याला होती आणि शेवटच्या पेल्यालाही. थोरला मुलगा तमादा झाला होता, म्हणजे पेला उंचावून बोलायचा मान त्याचा; तो देशासाठी बोलला, गेलेल्यांसाठी बोलला, आयांसाठी तर फारच लांबण लावून बोलला, आणि त्या सगळ्या भाषणांत अन्न गार व्हायची चिंता कुणालाच नव्हती, कारण ते आधीच गार होतं. उपासाला वाइन कशी चालते, हे धर्मशास्त्र मी विचारलं नाही.

आणि बेबो बसल्या होत्या. माझं लक्ष राहून राहून तिकडे जात होतं. एरवी त्या घरात खाचापुरी होते, चीज भरलेली रोटी, ती भट्टीतून काढल्या काढल्या खायची असते, आणि त्या दिवशी बेबो ओव्हन आणि टेबल यांमध्येच फिरताना मी पाहिल्या होत्या. शुक्रवारी त्या पाहुण्यांच्या रांगेत, पाठ टेकून, ताट भरून जेवत होत्या. त्यांचा पेलाही भरला जात होता.

यावरून गार अन्न म्हणजे बायकांची सुटका, असं काही लिहायला मी निघाले असते, पण त्यांची सून उभी होती. मक्याच्या पिठाची म्चादी गरमच लागते. मातीच्या केत्सीवर एकेक घाणा भाजून ती फडक्यात गुंडाळून आणत होती. फ्खालीने एका बाईला बसवलं होतं, म्चादीने दुसरीला उभं केलं होतं. आणि बेबोंच्या बसण्याचे कष्ट काही कमी झालेले नव्हते, ते गुरुवारी होऊन गेले होते, तळहाताच्या टाचेने, पिवळ्या तेलाच्या त्या पाव वाटीसाठी.

जॉर्जियन स्वयंपाकाचं 1874 सालचं गाजलेलं पुस्तक एका बाईचं आहे, बार्बारे जोर्जाद्झे यांचं. (मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं ते 1875 साली. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांना छापखान्याचा रस्ता एकाच वेळी सापडलेला दिसतो.) बार्बारे सरदार घराण्यातल्या, बाराव्या वर्षी लग्न झालेल्या. पण त्यांची खरी ओळख पाककृतींपुरती नाही. 1893 साली त्यांनी तरुण पुरुषांना उद्देशून एक लेख लिहिला, बायकांना शिकू देत नाही आणि वर अडाणी म्हणता, अशा अर्थाचा, आणि जॉर्जियातली स्त्रीवादी चळवळ आपला आरंभ त्या लेखापाशी मोजते. हे लिहिणारी आणि कशात किती मीठ हे लिहिणारी बाई एकच, हे मला फार आवडतं. तिबिलिसीत त्यांच्या पुस्तकातल्या पाककृतींवर चालणारं एक हॉटेल आहे. तिथेही जेवण वाढायला बहुधा कुणीतरी उभंच असणार, पण त्याला पगार मिळतो.

परत आल्यावर मी हा पदार्थ घरी केला. बीट आपल्याकडे बारमाही, अक्रोड काश्मीरचे, डाळिंब सोलापूरचं; त्या बाबतीत कुतैसीला मागे टाकेल असा माल. निळी मेथी आणि झेंडू मी पुडीतून आणला होता. फक्त अक्रोड दुकानात चावून बघायला मागितला तेव्हा दुकानदाराने असं पाहिलं की मी दोनशे ग्रॅम मुकाट्याने घेतले. शनिवारी सगळं करून झाकून ठेवलं, वांगीही केली, मसूर उसळीसारखी शिजवून गार केली. रविवारी दुपारी टेबलावर सगळ्या बश्या एकदम मांडल्या आणि पाव कापून ठेवला.

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या, ओटा बघितला, गॅस बघितला, बाहेर आल्या.

“अगं, पण मी काय करू?”

“काही नाही आई, बसा ना.”

त्या बसल्या. फ्खालीचा घास घेतला, पुन्हा घेतला. “बरं लागतंय की! कालचं वाटत नाही,” त्यांच्याकडून हे म्हणजे पदकच. मसूर घेतली, पाण्याचा पेला सरळ केला, पदर सावरला, एकदा आत बघितलं. मुलं बोलत होती, नवरा दुसऱ्यांदा वांगं वाढून घेत होता.

“चार पोळ्या टाकते,” त्या म्हणाल्या आणि कुणी काही बोलायच्या आत उठल्या. कणीक त्यांनी सकाळीच मळून ठेवली होती.